तात्यांचं पहिलं गाणं

"पांढरे कपडे कशाला घातलेत, तात्या?"

"गाडी चालवायची न्हाई का?"

सकाळचे दहा वाजले होते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये तात्या गाडीची मागची काच ओल्या फडक्यानं पुसत होते. काच आधीच लख्ख होती. पांढरी पँट, पांढरा शर्ट, खिशाला पेन, पायांत पॉलिश केलेले काळे बूट. या कपड्यांत मी त्यांना लहानपणापासून पाहत आलो होतो. शिराळ्याकडच्या आमच्या भागातल्या एका साखर कारखान्याच्या चेअरमनांची गाडी माझ्या वडिलांनी एकतीस वर्षं चालवली. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, पण स्टिअरिंगला हात लावायचा तर अंगात पांढरंच हवं, हे त्यांच्या डोक्यातून गेलं नव्हतं.

"आता आपली गाडी आहे. लुंगीवर चालवली तरी कोण विचारणार?"

"म्हणूनच घातल्यात," तात्या म्हणाले. "आपली हाय म्हणूनच."

ही दोन हजार आठ सालची गोष्ट. मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत होतो आणि नुकतीच जुनी का होईना, चारचाकी घेतली होती. लायसन्स होतं, पण गाडी मागे घ्यायची म्हटलं की मला घाम फुटायचा. म्हणून तात्या पंधरा दिवसांसाठी गावाहून आले होते. रोज पहाटे ते मला गाडी शिकवत आणि माझ्या प्रत्येक चुकीला फक्त "हं" म्हणत. त्या "हं"पेक्षा एखादी शिवी परवडली असती.

त्या शनिवारी आम्ही गाडीला स्टिरिओ बसवायला निघालो होतो. गाडीतला जुना सेट मुका झाला होता. मला असा सेट हवा होता की ज्याला माझा आयपॉड जोडता येईल. अमेरिकेहून परतलेल्या एका सहकाऱ्याकडून मी तो आयपॉड घेतला होता. जुन्या गाडीला एवढा भारी सेट म्हणजे नाकापेक्षा मोती जड, हे मलाही कळत होतं. पण त्यामागे एक कारण होतं आणि ते मी तात्यांना आदल्या दिवशी सांगितलं होतं.

तरुणपणी तात्या भेदिक शाहिरीच्या फडात तुणतुणं वाजवत. सवाल-जवाबाची रात्र रात्र चालणारी ती गाणी. चेअरमनांकडे नोकरी लागली आणि फड सुटला. पुढे एकदा मुंबईत मालकांची वाट पाहताना त्यांनी गाडीत भेदिकाची कॅसेट लावली. मालक ठरल्या वेळेआधीच आले. "निवृत्ती, गाडी आहे ही. तमाशाचा तंबू नाही," तात्यांना नावानं हाक मारून एवढंच म्हणाले. ते काही वाईट मालक नव्हते. पण त्या दिवसापासून तात्यांनी गाडीतल्या गाण्याला हात लावला नाही. मालक मागून म्हणतील तेव्हा आवाज कमी-जास्त करायचा, तेवढंच. एकतीस वर्षं लाखो किलोमीटर गाडी चालवली आणि स्वतःच्या पसंतीचं एक गाणं पुरतं ऐकलं नाही. आई हे हसत हसत सांगायची. तात्या हसायचे नाहीत.

मी गावातल्या एका म्हाताऱ्या शाहिराकडून जुन्या कॅसेटी मिळवल्या, एका माणसाकडून त्या कॉम्प्युटरवर घेतल्या आणि आयपॉडमध्ये भरल्या. एका कॅसेटमध्ये तुणतुणं तात्यांचंच होतं.

"आपल्या गाडीत पहिलं गाणं तुमचं," मी म्हणालो होतो. "सेटही तुम्हीच निवडायचा. बटण तुम्हीच दाबायचं."

रात्री दोनदा उठून तात्यांनी विचारलं होतं, "दुकान किती वाजता उघडतंय?"

*

दुकान शिवाजीनगरकडच्या एका गजबजलेल्या रस्त्यावर होतं. सीट कव्हर, हॉर्न, आरसे, सगळं दारापर्यंत टांगलेलं. मालक दिलीपशेठ काउंटरमागून म्हणाले, "या साहेब. ड्रायव्हरला सांगा, गाडी त्या झाडाखाली लावा. इथं पोलीस उचलतात."

तात्या तोवर उतरलेही नव्हते. मी खिडकीशी जाऊन "तात्या, जरा झाडाखाली घ्या" म्हणालो आणि आत आलो. दिलीपशेठची चूक दुरुस्त करायला एक वाक्य लागलं असतं. पण दुकानदाराला काय सांगत बसायचं, असं मी मनाशी म्हटलं. माझं घोडं तिथूनच पेंड खायला लागलं होतं.

एका लाकडी फळीवर आठ-दहा सेट ओळीनं बसवलेले होते आणि खाली बटणांची पट्टी होती. जे बटण दाबाल तो सेट वाजायचा. तात्या आले, बूट दाराशी पुसले आणि हात मागे बांधून फळीपुढे उभे राहिले.

"याला पुढे भोक आहे," दिलीपशेठ सांगू लागले. "वायर खोचा, आयपॉड सुरू. स्वस्त आणि मस्त."

"गाणं बदलायचं तर?" तात्यांनी विचारलं.

"आयपॉडवरच बदलायचं."

"म्हंजे चालवता चालवता एक हात त्याच्यात. आन् ही वायर गिअरच्या दांड्यात यील. न्हाई चालायचं."

दिलीपशेठनी चमकून पाहिलं. मग दुसरा सेट दाखवला. त्याची वायर मागून निघून डॅशबोर्डच्या कप्प्यात यायची. आयपॉड कप्प्यात ठेवायचा, तो तिथंच चार्ज होणार आणि गाणी सेटवरूनच बदलता येणार. तात्यांनी डोळे मिटले आणि बोटांनी सेटची बटणं चाचपली.

"बारीक हायती. सगळी एकसारखी. नजर खाली गेल्याबिगर सापडायची न्हाईत. आन् नजर खाली गेली की फुडचा गेला." त्यांनी डोळे उघडले. "असाच, पर आवाजाला गोल मोठं बटण असलेला दावा."

तिसरा सेट आला. आवाजाचं बटण मोठं, गोल, कडेला खाचा असलेलं. गाणी पुढे-मागे करायची दोन बटणं त्याच्या दोन बाजूंना. तात्यांनी पुन्हा डोळे मिटले, हात लावला आणि त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं.

"ह्यो."

"ड्रायव्हरसाहेब, मानलं तुम्हाला," दिलीपशेठ म्हणाले. "साहेब, माणूस हुशार आहे तुमचा. सांभाळून ठेवा."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना गंमत वाटली होती. 'कपडे बघून म्हणतोय बिचारा, आता सांग त्याला', असं काहीसं त्यांच्या डोळ्यांत होतं. मी हसलो. मी सांगणारही होतो, अगदी शपथेवर सांगतो. दिलीपशेठनी सेटची वायर पुढे केली, "लावून बघा तुमचं गाणं." मी आयपॉड तात्यांच्या हातात दिला. भेदिकाची यादी उघडून दिली. "फक्त मधलं बटण दाबा." तात्यांनी तो दोन्ही हातांत धरला आणि अंगठा बटणावर ठेवला.

"जे! तू इथं कसा?"

दारात मंदार ओक उभा होता. माझा मॅनेजर.

ऑफिसात मला सगळे 'जे' म्हणत. जालिंदर माळी हे नाव फक्त पगाराच्या कागदावर होतं. जर्मनीतल्या कामासाठी आमच्यातल्या दोघांना पाठवायचं होतं आणि ती दोन नावं मंदार ठरवणार होता. वर्षभरापूर्वी जेवताना कोणीतरी माझ्या वडिलांबद्दल विचारलं होतं. "साखर कारखान्यात होते, चेअरमन ऑफिसला," असं मी म्हणालो होतो. तसं ते खोटं नव्हतं. तात्यांचं नाव हजेरीपटावर चेअरमन ऑफिसखालीच होतं. "अरे वा, म्हणजे बडं प्रस्थ!" मंदार म्हणाला होता आणि मी पोळीचा तुकडा मोडत गप्प राहिलो होतो. तेव्हापासून त्यानं दोनदा विचारलं होतं की तुझे वडील पुण्याला आले की भेट घडव, सहकार क्षेत्राबद्दल बोलायचंय.

"स्टिरिओ बसवतोय," मी म्हणालो.

"आणि ड्रायव्हरही ठेवलास? छुपा रुस्तम निघालास की!" त्यानं तात्यांकडे पाहून मान लववली. मंदार उद्धट नव्हता. उद्धट असता तर मला थोडं सोपं गेलं असतं. "नमस्कार, काका. कुठले तुम्ही?"

तात्या माझ्याकडे पाहत होते. हसू अजून पुरतं मावळलं नव्हतं.

मी म्हणालो, "गावाकडचेच आहेत."

तात्यांचा अंगठा बटणावरून निघाला. त्यांनी आयपॉड काउंटरवर ठेवला, हलक्या हातानं, काच तडकेल अशा काळजीनं. मग ते एक पाऊल मागे सरले आणि म्हणाले, "सायेब, गाडी सावलीतनं काढून कामाच्या जागंला लावू का?"

आजवर ते मला जालू म्हणत आले होते.

"हो… लावा," मी म्हणालो. हे मी म्हणालो. कुणी माझ्या गळ्यावर सुरी ठेवली नव्हती.

*

सेट बसवायला तासभर लागला. मंदार सीट कव्हर घ्यायला आला होता, पण माझ्याशेजारी स्टूल ओढून बसला. जर्मनीतल्या थंडीबद्दल बोलला, तिथल्या भाड्याबद्दल बोलला. सोमवारी नावं जाणार आहेत, असं त्यानं सूचकपणे सांगितलं. चहा आला तेव्हा तोच म्हणाला, "अहो, बाहेर ड्रायव्हरकाकांनाही द्या." मला ते सुचलं नव्हतं. खरं म्हणजे सुचलं होतं, पण बाहेर पाहायचा धीर नव्हता.

बाहेर तात्या गाडीशेजारी उभे होते. फिटर डॅशबोर्ड उघडून वायरी जोडत होता आणि तात्या बॅटरी धरून त्याला उजेड देत होते. चहा त्यांनी उभ्यानंच प्यायला. माझ्या वडिलांना बसायला स्टूल द्या, एवढं वाक्य माझ्या तोंडात तासभर फिरत राहिलं.

निघताना मंदार दारापर्यंत आला. मी सवयीनं पुढच्या सीटकडे वळलो. तेवढ्यात तात्या गाडीला वळसा घालून आले आणि त्यांनी मागचं दार उघडलं. उघडून बाजूला उभे राहिले, एक हात दाराच्या वरच्या कडेवर, बसणाऱ्याचं डोकं आपटू नये म्हणून. चेअरमनांसाठी एकतीस वर्षं ते असंच दार धरत.

"बसा, सायेब."

मी बसलो. मंदारनं हात हलवला. मीही हलवला.

मला आता कळतं की ते रागावून करत नव्हते. रागावले असते तर तिथंच कानाखाली वाजवली असती, तेवढे ते तापट होते. मी एक खोटं बोललो होतो आणि ते उघडं पडू नये म्हणून ते जीव तोडून काम करत होते. मालकाची गोष्ट गाडीबाहेर जाऊ द्यायची नाही, हे ते आयुष्यभर पाळत आले होते. त्या दिवशी मी त्यांचा मालक झालो.

पुढच्या सिग्नलला मी म्हणालो, "तात्या, लावा ना गाणं. कप्प्यात आहे बघा."

"ट्रॅफिक हाय."

पुलावर गर्दी नव्हती. मी पुन्हा म्हणालो, "आता लावा."

"ऱ्हाऊ दे, जालू." ते पुन्हा जालू म्हणाले तेव्हा मला रडायलाच येणार होतं. "सेट चांगला हाय. बटण झकास हाय."

घरी पोचेपर्यंत गाडीत इंडिकेटरचा टिकटिक आवाज तेवढा होता. मी माफी मागायला हवी होती. रात्री मागू म्हटलं. रात्री ते लवकर झोपले. सकाळी मागू म्हटलं, तर सकाळी ते नेहमीसारखे खाली उभे होते आणि "क्लच सावकाश सोड" म्हणत होते. मला वाटलं, विसरले. असं वाटून घेणं माझ्या सोयीचं होतं.

*

सोमवारी नावं गेली, त्यात माझं होतं. गुरुवारी मंदार माझ्या टेबलाशी आला.

"जे, एक काम होतं. रविवारी आईला वाईला न्यायचंय, तिच्या बहिणीकडे. आमचा ड्रायव्हर रजेवर आहे आणि मला रविवारीही काम आहे. तुझे ते काका येतील का? सभ्य माणूस वाटला. आईला भरधाव चालवणाऱ्यांची भीती वाटते."

आता तरी सांग, असं मी स्वतःला म्हणालो. मंदारची केबिन दहा पावलांवर होती. चल आत, एक गोष्ट सांगायचीय, एवढंच म्हणायचं होतं. तो हसला असता, कदाचित चिडला असता, आणि संपलं असतं.

"विचारतो," मी म्हणालो.

घरी तात्या कणीक मळत होते. मी उंबऱ्यात उभा राहून सगळं सांगितलं आणि लगेच म्हणालो, "मी त्याला नाही म्हणून कळवतो."

"काय सांगून?"

तात्यांनी कणकेचा गोळा ओल्या फडक्याखाली झाकला, हात धुतले.

"म्हातारं माणूस हाय म्हणतोस. वाई काय लांब न्हाई. किती वाजता यायचं, इचार."

"तात्या, तुम्ही जाऊ नका."

"मग खरं सांगतोस का त्याला?"

ते शांतपणे विचारत होते. मनापासून विचारत होते. मी हो म्हणालो असतो तर त्यांनी मला जवळ घेतलं असतं, अशी माझी खात्री आहे. मी खाली पाहत राहिलो. स्वयंपाकघरातली फरशी मला अजून आठवते, पिवळ्या ठिपक्यांची.

"सात वाजता," मी म्हणालो.

रविवारी सकाळी ते पांढरे कपडे घालून गेले.

पुढे मी जर्मनीला गेलो, तिथं तीन वर्षं राहिलो. परत आल्यावर मोठी गाडी घेतली, त्याहून मोठं घर घेतलं. तात्यांना जाऊनही आता सहा वर्षं झाली. मंदारला खरं काय ते मी कधीच सांगितलं नाही आणि तात्यांची माफीही मागितली नाही. पण माझ्या डोळ्यांसमोर येते ती त्या रविवारची संध्याकाळ.

ते सहाच्या सुमाराला परत आले. बूट काढले, पाय धुतले, आणि खिडकीतल्या खुर्चीत बसले. मी चहा करून दिला. दमलेले होते, पण चेहरा मोकळा होता. आठवडाभरात इतका मोकळा दिसला नव्हता.

"कसा झाला प्रवास?" मी विचारलं.

"झ्याक. म्हातारी लई गोड हाय. मागं बसली की मळमळतंय म्हणून फुडंच बसली माझ्याशेजारी. वाटंत थांबलो तर आपल्या डब्यातली थालीपिठं दिली. न्हाई म्हणलं तर रागावली." त्यांनी चहाचा घोट घेतला. "आन् गाडीत तिची नाटकातली गाणी चाललेली. शिरवळपातूर ऐकली. मग स्वतःच बंद केली आन् म्हणली, माझंच किती ऐकायचं, तुमच्या आवडीचं काही असलं तर लावा. म्या म्हणलं, आवडीचं हाय, पर जवळ न्हाई. तर म्हणली, मग म्हणून दाखवा."

"मग?"

"मग काय. खंबाटकीचा घाट चढंपातूर एक भेदिक म्हणलं. तुणतुण्याबिगर. आवाज चिरका झालाय आता." ते हसले. "म्हातारीनं टाळ्या वाजवल्या."

मी बशी हातात धरून उभा होतो. काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून मी विचारलं, "अजून काय बोलल्या?"

"मुलंबाळं इचारली."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"एक पोरगा हाय म्हणलं. लई शिकलेला. कुठं असतो ते काय बोललो न्हाई, तू घाबरू नगंस." तात्यांनी पेल्यातला चहा हलवला. "म्हणलं, परवाच गाडी घेतली त्यानं. नवा सेट बसवला, तोबी माझ्या पसंतीनं. आन् पयलं गाणं माझं लावलं."

मला त्यांच्याकडे पाहता येईना.

"त्यावर म्हातारी म्हणली, एवढा गुणी मुलगा हाय, तर मग ह्या वयात दुसऱ्याची गाडी का चालवता?"

"तुम्ही काय म्हणालात?"

तात्यांनी उरलेला चहा संपवला.

"काय म्हणणार? फुडं वळण हुतं. हॉर्न दिला."